सोलापूर ते नाशिक द्राक्षपट्टा: कॅम्पर व्हॅन आणि सोबत कुत्रं घेऊन पहिल्यांदा निघताना

वाइनरी बघत फिरायचं म्हटलं की सोलापुरात लोक थेट नाशिकचं नाव घेतात. पण आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेलीची वाइनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती उभी केली. अकलूज म्हणजे ऊस, साखर कारखाना आणि घोडेबाजार एवढंच आपल्या डोक्यात असतं. तिथल्या माळावर सांजोव्हेजे नावाचं इटलीचं द्राक्ष पिकतं, हे सोलापूरकराने एकदा तरी जाऊन बघावं. म्हणून ही सहल मी अकलूजपासून सुरू करायला सांगतो.

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी. तिचा सगळ्यात मोठा फायदा कुत्र्यामुळे कळतो. हॉटेलं कुत्रं म्हटलं की नकार देतात, घरी ठेवायचं तर कुणाच्या गळ्यात घालायचं हा प्रश्न असतो. व्हॅनमध्ये त्याची जागा, त्याचा वास, त्याचं ताट रोज तेच राहतं, फक्त बाहेरचं गाव बदलतं. मात्र एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा: ही सहल कुत्र्याच्या वेळापत्रकाने चालते, वाइनच्या नाही. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

१. आधी महिना ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चपासून सोलापूरचं ऊन माणसालाच सोसत नाही, केसाळ कुत्र्याला तर नाहीच. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, त्यामुळे बागेत घड लटकलेले आणि वाइनरीत काम चालू असं दोन्ही बघायचं असेल तर जानेवारीचा शेवट उत्तम. याच दिवसांत मोहोळ-मंगळवेढ्याकडे हुरडा असतो, तो बोनस.

दोन गोष्टींवर कॅलेंडरमध्ये फुली मारा. एक, आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस. तुकोबांची पालखी अकलूजवरून आणि माउलींची नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी याच रस्त्यांनी पंढरपूरला जाते. वारीत पायी चालायला जा, व्हॅन घालू नका. दुसरं, कार्तिकी एकादशी. ती बहुधा नोव्हेंबरात येते, पंढरपूरचे रस्ते भरलेले असतात आणि आषाढीप्रमाणे त्या दिवशीही ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असते, त्यामुळे वाइनरीत जाऊन उपयोग नाही.

वार निवडताना मंगळवार ते गुरुवार घ्या. शनिवार-रविवारी नाशिकच्या वाइनरी मुंबई-पुण्याच्या गर्दीने फुललेल्या असतात. मोठा आवाज आणि अनोळखी पायांची गर्दी यात कुत्रं भेदरतं. सुला वाइनरीच्या सुलाफेस्टसारखा संगीताचा जलसा असेल तेव्हा तर कुत्रं घेऊन त्या बाजूला फिरकूच नका.

२. गाडी: भाड्याची की स्वतःची

भाड्याने घेत असाल तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. कुणाच्या तरी ओळखीने पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. ड्रायव्हरसकट घेत असाल तर पिवळी पाटी आणि काळी अक्षरं.

कुत्रं सोबत आहे हे फोनवर सांगून थांबू नका. किती किलोचं आहे, केस गळतात का, हे सगळं मेसेजमध्ये लिहा आणि "चालेल" हे उत्तरही लेखीच घ्या. नाहीतर गाडी परत देताना सीटवरचे केस दाखवून डिपॉझिट कापलं जातं. गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून व्हिडिओ काढा. रोजची किलोमीटरची मर्यादा किती, वरच्या किलोमीटरला दर काय, हेही त्याच मेसेजमध्ये येऊ द्या.

स्वतःच्या गाडीत पलंग-ओटा बसवायचा विचार असेल तर नीट ऐका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. गॅरेजवाला "काही होत नाही" म्हणेल, पण विम्याचा दावा करायची वेळ आली की तो तिथे नसतो. नवख्या माणसाने उचलून बाहेर काढता येईल असाच लाकडी पलंग आणि पेटी करावी, वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये.

लायसन्सची भीती बाळगू नका. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स असेल आणि गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर तेवढ्यावर व्यावसायिक नोंदणीची गाडीही चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

३. कागदपत्रं आणि सामान

एका प्लास्टिक फाइलमध्ये ठेवा:

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, भाडेकरार, फास्टॅगमध्ये पैसे
- सगळ्यांचं वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र (वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात)
- कुत्र्याचं लसीकरण कार्ड, रेबीजची लस एक वर्षाच्या आतली. महापालिकेत नोंदणी केली असेल तर ती पावती
- कुत्र्याचा एकट्याचा आणि तुमच्यासोबतचा फोटो. हरवलं तर दाखवायला आणि तुमचंच आहे हे सिद्ध करायला उपयोगी पडतो

सामानाची यादी प्रत्येकाची वेगळी होईल. माझ्या मते न विसरायच्या गोष्टी अशा: छातीचा पट्टा म्हणजे हार्नेस, आणि तो सीटबेल्टला अडकवायचा छोटा बेल्ट; दहा-पंधरा फुटांची लांब दोरी; गळपट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेली पाटी; दोन स्टीलची ताटं; घरचंच पाणी वीस लिटर; गोचीड काढायचा चिमटा; ओआरएस, कापूस, अँटिसेप्टिक. अंथरायला जुनी सोलापुरी चादर. ती जाड असते, धुतली की केस निघून जातात आणि घरच्या वासामुळे कुत्रं पहिल्या रात्रीच तिच्यावर अंग टाकतं. विकतच्या गादीपेक्षा मला तीच बरी वाटते.

तुमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्याल, ते उत्तमच. भाकरी कुत्र्याला चालते, चटणी नाही. तिच्यातला लसूण त्याच्या रक्ताला घातक असतो. कांदाही तसाच.

४. कुत्र्याची तयारी घरापासून

व्हॅन मिळाल्या दिवशी कुत्र्याला आत घालून थेट निघायचं, हा प्रकार टाळा. निघण्याआधी दोन-तीन संध्याकाळी गाडी दारात बंद उभी ठेवा, त्याला आतच जेवण द्या, दार उघडं असू द्या. मग इंजिन चालू करून नुसतं बसवा. मग होटगी रोडला किंवा विजापूर रोडला एक चक्कर. आमचा गुंड्या कारवानी जातीचा, माळावर वाऱ्यासारखा पळणारा. पण पहिल्यांदा सरकतं दार "खर्रर्र" करून बंद झालं की तो अंग चोरून कोपऱ्यात दबायचा. कान मागे, शेपूट पोटाखाली. दार हळूहळू सरकवत, प्रत्येक वेळी भाकरीचा तुकडा देत ते दार त्याच्या सवयीचं करावं लागलं. तुमच्या कुत्र्याला कशाची भीती वाटते ते रस्त्यावर नाही, दारात कळू द्या.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, नाहीतर मोहोळ यायच्या आत ओकारी. दर दोन तासांनी थांबा. डोकं खिडकीबाहेर काढू देऊ नका. समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला की पाचट आणि धूळ सरळ डोळ्यांत जाते.

डॉक्टरांना निघण्याच्या आठवडाभर आधी दाखवा. गोचीड-पिसवांचं औषध त्याच वेळी घाला. आपल्या भागात गोचीड तापाने चांगली धडधाकट कुत्री जातात. पंढरपूर, अकलूज, बारामती, नाशिक या प्रत्येक ठिकाणी कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, ते आधीच शोधून नंबर कागदावर लिहा. सरकारी पशुसेवेचा १९६२ हा नंबर आहे, पण तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी चालतो. रात्री अकराला शोधाशोध करण्यापेक्षा ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर हाताशी असलेला केव्हाही चांगला.

५. द्राक्ष कुत्र्याला विष आहे

हा मुद्दा दोनदा वाचा आणि घरातल्या लहानग्यांनाही वाचून दाखवा. द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं आता पशुवैद्य मानतात. प्रत्येक द्राक्षात ते कमी-जास्त असतं, म्हणून एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं आणि दुसरं थोडीशी खाऊनही जीव गमावतं. "आमच्या शेतातलं कुत्रं रोज खातं" असं सांगणारे हमखास भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त दोरी आखूड करा. इतकी खाल्ली तर चालतात असा कुठलाही सुरक्षित आकडा नाही.

या रस्त्यावर धोका कुठे कुठे असतो ते सांगतो.

बागेत वेलीखाली गळालेले मणी. तोडणीच्या दिवसांत ओळीत हे मणी पसरलेले असतात आणि कुत्रं नाक खालीच घालून चालतं. म्हणून बागेच्या आत न्यायचंच नाही, बांधावरून फिरवायचं.

वाइनरीच्या मागचा चोथ्याचा ढीग. रस काढून उरलेली सालं, बिया. आंबूस गोड वास कुत्र्याला लांबून खेचतो, आणि त्यात द्राक्षासोबत अल्कोहोलही असतं.

बेदाणा शेड. पंढरपूरजवळ कासेगावकडे, पुढे सांगोला-तासगावकडे मार्च-एप्रिलमध्ये शेडमधून बेदाणे वाळत असतात. सुकल्यामुळे थोड्यात जास्त द्राक्ष पोटात जातं.

प्रेमळ माणसं. शेतकरी मालक कौतुकाने घड पुढे करतात, मावशी शिऱ्याचा प्रसाद भरवतात आणि त्यात बेदाणे असतात. हात जोडून सांगा, "मावशी, त्याला द्राक्ष बाधतं, नुसती भाकरी द्या."

आणि फवारणी. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना जे डॉरमेक्स लावतात, ते हायड्रोजन सायनामाइड अतिशय विषारी असतं. शिवाय मोरचूद, गंधक, वरून बुरशीनाशकं. कुत्रं पाय चाटतं, म्हणजे पायाला लागलेलं सगळं पोटात जातं. बागेजवळून आलात की चारही पाय पाण्याने धुवायचे, मगच गाडीत घ्यायचं.

खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका. ओकारी काही तासांत सुरू होते, पण लघवी कमी होणं, सुस्त पडणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं आणि तोवर उशीर झालेला असतो. लगेच डॉक्टरांना फोन, किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं ते सांगा, निघा. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा घरगुती उपाय करू नका, त्याने वेगळंच संकट ओढवतं.

६. रस्ता

सोलापूर–पंढरपूर–वेळापूर–अकलूज हा पहिला टप्पा, साधारण ११० ते १२० किलोमीटर. घाई असेल तर पुणे हायवेने टेंभुर्णीपर्यंत जाऊन अकलूजला वळा. निघताना वाट वाकडी करून नान्नजच्या द्राक्षबागा बघायचा मोह होईल आणि तो रास्तही आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या वाणांमागचं नाव नान्नजच्या नानासाहेब काळे यांचं. पण तिथेच माळढोक अभयारण्य आहे. अभयारण्यात आणि लगतच्या माळावर कुत्रं सोडायचं नाही. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी उठतात, आणि कुत्र्यांचे रोग तिथल्या लांडग्यांना लागतात.

अकलूजहून पुढे इंदापूर, भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. बघा, पण कुत्रं दोरीला आणि पाण्यापासून लांब. ते हिरवट पाणी प्यायला देण्यासारखं नाही. भिगवणवरून पाटसजवळ रोटी गावाकडे वळलात की माळावर फोर सीझन्स वाइनरीची मोठी इमारत दिसते. चार दिवसच हातात असतील तर इथूनच परत फिरा. तेवढीही सहल भरपूर होते.

आठवडा असेल तर शिरूर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिक. नारायणगावला शातो इंडाज या कंपनीने १९८० च्या दशकात वाइन करायला घेतली, म्हणजे नाशिकच्याही आधी. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला (१९९९ ची) आणि तिच्याजवळच यॉर्क, दिंडोरीकडे शँडन, इगतपुरीच्या बाजूला कावनईला वॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. एका दिवसात एकच, फार तर दोन. परतताना अहिल्यानगर–करमाळा–टेंभुर्णी धरा, चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मध्ये एक मुक्काम करा.

रात्री गाडी चालवू नका. तुमची सहल आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला; अंधारात तो दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला लागा.

७. वाइनरीत गेल्यावर

आदल्या दिवशी फोन करा आणि नेमकं विचारा: कुत्रं आवारात चालतं का, अंगणात टेबल मिळेल का, व्हॅन सावलीत लावता येईल का. "पेट फ्रेंडली" लिहिलेलं असलं तरी विचारा, नियम हंगामाप्रमाणे बदलतात.

टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखायच्या खोलीत कुत्रं नेऊ नका, चालत असलं तरी. काचेचे पेले, गर्दी, त्यात वाइनचा वास घ्यायला आलेली माणसं. पाळी लावा: एकजण आत, एकजण बाहेर कुत्र्यासोबत. एकटे असाल तर टेस्टिंग सोडा, बाटली विकत घ्या.

कुत्र्याला बंद गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" हे कधीही करू नका. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ३४ च्या आसपास जातो. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही बाहेर तीस असतात. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

चालवणाऱ्याने चव घ्यायची नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चवीसाठी घोट तोंडात घोळवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते मागायला लाजू नका, जाणकार तेच करतात. पण खरा मार्ग म्हणजे आवडलेली बाटली घ्यावी आणि मुक्कामी गाडी उभी करून, किल्ली खुंटीला लावून मग उघडावी. बाटलीचं बिल जपून ठेवा, आणि बाटल्या घेऊन कर्नाटकच्या हद्दीत जाऊ नका, तिथले उत्पादन शुल्काचे नियम वेगळे आहेत.

८. रात्रीचा मुक्काम

आपल्याकडे कॅराव्हॅनसाठी वीज-पाणी जोडलेले तळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण रस्त्यावर माणुसकीच कामाला येते. कृषी पर्यटन केंद्र, वाइनरीचं आवार (विचारून), एमटीडीसीचं निवासस्थान, हायवेवरचा मोठा पेट्रोल पंप, या क्रमाने बघा. शेतात थांबायचं तर उजेड असताना घरापाशी जा. "रामराम मालक, सोलापूरचे आहोत. रात्रीपुरती गाडी लावू का? कुत्रं आहे सोबत, गाडीतच ठेवतो." एवढं मोकळं बोललं की चहा येतोच. त्यांची स्वतःची कुत्री असतील, त्यांची भेट दोरीला धरून, अंगणाबाहेर घालून द्या.

आता बिबट्या. जुन्नर, शिरूर, संगमनेर, सिन्नर, नाशिक हा सगळा पट्टा बिबट्यांचा आहे, उसात त्यांची पिल्लं वाढतात आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं भक्ष्य. करमाळा तालुक्यातही २०२० मध्ये बिबट्याने माणसं मारली होती. म्हणून रात्री कुत्रं बाहेर बांधायचं नाही, एक तासही नाही. झोपायच्या आधीची लघवी उजेड असतानाच उरकायची. मध्यरात्री जावंच लागलं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, आखूड दोरीवर, दारापासून चार पावलांत. उसाच्या किंवा मक्याच्या फडाला लागून व्हॅन लावूच नका.

स्वयंपाक गाडीबाहेर करा. गॅसची छोटी टाकी झोपण्याआधी रेग्युलेटर काढून बंद करा, आणि थंडी कितीही असली तरी आत शेगडी पेटवून झोपू नका. एक झरोका रात्रभर उघडा हवा. सुटं टॉयलेट असेल तर ते कालव्यात किंवा ओढ्यात रिकामं करणं हा त्या गावाचा अपमान आहे. पेट्रोल पंपाच्या नाहीतर मुक्कामाच्या संडासात, विचारून.

९. परत आल्यावर

गाडी देण्याआधी ओल्या रबरी हातमोज्याने सीट पुसा, केस गोळा होऊन येतात. मग कुत्र्याकडे वळा. कान उलटे करून, बोटांच्या बेचक्या फाकवून, काखेत आणि शेपटीखाली गोचीड शोधा. हिवाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं बोटांमधून आत शिरतात आणि आठवड्याने गळू होतं. कुत्रं एकच पाय सारखं चाटत असेल किंवा एका बाजूला डोकं झटकत असेल तर कुसळ धरून चालायचं. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, हिरड्या फिकट पडणं, जेवण टाकणं यातलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि कुठे कुठे फिरून आलात ते डॉक्टरांना गावांच्या नावांसकट सांगा.